आपल्या चालीनं

पुण्यात नळस्टॉपवरून डेक्कनला पायी जायच्या दोन वाटा आहेत. एक सरळ कर्वे रस्त्यानं, मेट्रोच्या खांबांच्या कडेकडेनं. दुसरी जरा वळसा घेऊन लॉ कॉलेज रस्त्यानं, मग प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांतून, कमला नेहरू पार्कावरून. दुसऱ्या वाटेनं थोडा वेळ जास्त लागतो. नोकरीत असताना आणि आता निवृत्तीनंतरही या दोन्ही वाटा मी पुष्कळ चालले आहे, आणि चालता चालताच माझं एक मत बनत गेलं. ताण म्हटलं की आपण मनाकडे बोट दाखवतो. विचार कमी करा, शांत राहा, श्वासाकडे लक्ष द्या, असं एकमेकांना सांगतो. पण अंगात रोज साठणाऱ्या ताणाचा बराच मोठा भाग पायाखालच्या रस्त्यातून आणि कानावर आदळणाऱ्या आवाजातून येतो. आणि सगळ्यात जास्त येतो तो आपली चाल आपल्या हातात नसण्यातून.

कर्वे रस्त्याची वाट आधी सांगते. सकाळी दहाच्या सुमाराला निघालं की पहिली गोष्ट म्हणजे नजर जमिनीवरून हलत नाही. फुटपाथ आहे, पण तो एका उंचीचा नाही. दर फाटकाशी खाली उतरायचं, पुन्हा वर चढायचं. मध्येच विजेचा डबा, त्याला वळसा. एका दुकानापुढे दुचाकी आडव्या लावलेल्या, तिथून रस्त्यावर उतरायचं, तेही वाहनांकडे पाठ करून. मग डोळे खाली आणि कान मागे, अशी विभागणी होते. मागून येणारी बस आहे की रिक्षा, किती जवळ आहे, आपल्याला बघून जरा बाजूला घेईल की नाही, हे सगळं कानांनी ठरवायचं. तेवढ्यात फुटपाथवरूनच एखादी स्कूटर हॉर्न वाजवत येते. डेक्कनला पोचेपर्यंत पर्सचा पट्टा मुठीत घट्ट आवळलेला असतो, दात एकमेकांवर दाबलेले असतात आणि खांदे कानांकडे सरकलेले असतात. वाटेत काही वाईट घडलेलं नसतं. कुणी काही बोललेलं नसतं. तरी बँकेच्या खिडकीशी पोचल्यावर समोरच्या माणसानं साधं ‘फॉर्म परत भरा’ म्हटलं, तरी राग येतो.

गल्ल्यांतल्या वाटेवर तीच मी, तीच पर्स, तेच काम. पर्जन्यवृक्षांच्या फांद्या डोक्यावर दोन्ही बाजूंनी भेटलेल्या असतात. कुठल्याशा बंगल्याच्या आवारात फणस बुंध्याला लगडलेला दिसतो. सोनमोहराच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला पिवळा सडा असतो आणि झाडणारी बाई तो गोळा करून ढीग लावत असते. इथे नजर वर जाते. पार्कापाशी पोचेपर्यंत पावलांना एक लय आलेली असते आणि डोक्यातला विषय आपोआप बदललेला असतो. सकाळी घरात काय वाजलं होतं, ते मागे पडलेलं असतं. हे मी ठरवून करत नाही, ते होतं. आणि ते कर्वे रस्त्यावर होत नाही, मी कितीही ठरवलं तरी.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ग्रेगरी ब्रॅटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी काही निरोगी माणसांना दीड तास चालायला पाठवलं. निम्म्यांना विद्यापीठाजवळच्या गवताळ, झाडांच्या टेकडीवर, निम्म्यांना भरधाव वाहनांच्या हमरस्त्याच्या कडेनं. वेळ दोघांना सारखाच होता. टेकडीवरून आलेल्यांमध्ये तेच तेच नकारात्मक विचार घोळवत बसण्याचं प्रमाण कमी झालं, आणि मेंदूच्या ज्या भागाचा अशा घोळवण्याशी संबंध आहे तिथली हालचालही मंदावलेली दिसली. हमरस्त्यावरून आलेल्यांमध्ये तसा फरक दिसला नाही. हे वाचलं तेव्हा मला कर्वे रस्ता आणि प्रभात रस्ता आठवला. आपल्याकडे डॉक्टर सांगतात, ‘रोज अर्धा तास चाला.’ कुठे चालायचं, ते कुणी विचारत नाही.

शरीराच्या बाजूनं पाहिलं तर यात गूढ काही नाही. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञानं शंभर वर्षांपूर्वीच दाखवलं होतं, की धोका जाणवला की प्राणी लढायला किंवा पळायला तयार होतो. अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरतं, हृदय जोरात चालतं, यकृत साखर मोकळी करतं, पोटाकडचं रक्त स्नायूंकडे वळतं. धोका लांबला तर कॉर्टिसॉल ही तयारी टिकवून धरतं. ही सारी व्यवस्था एका गोष्टीसाठी आहे, हालचालीसाठी. पळून झालं, लढून झालं की स्नायू ती साखर वापरतात आणि यंत्रणा पूर्वपदावर येते. आपल्या दिवसात पहिला अर्धा भाग होतो, दुसरा होत नाही. हॉर्न वाजतो, शरीर तयार होतं, आणि आपण गिअरवर हात ठेवून बसून राहतो. दर सिग्नलला हेच. स्नायूंसाठी मागवलेला माल स्नायूंपर्यंत जातो आणि तिथे कुणी घेत नाही.

म्हणून चालणं हवं, इथवर सगळ्यांनाच ठाऊक असतं. माझा मुद्दा त्याच्या थोडा पुढचा आहे.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी दिवसभरात माझ्या कितीतरी पट चालतात. जनता वसाहतीतून निघून पर्वती पायथ्याला एक घर, मग दांडेकर पुलाजवळ दोन, मग आमच्याकडे. जिने चढतात, वाकतात, उठतात. निव्वळ हालचालीनं ताण उतरत असता तर त्या सगळ्यांत निवांत असायला हव्या होत्या. तशा त्या नाहीत. एका घरी पाहुणे आले म्हणून वीस मिनिटं उशीर झाला की पुढच्या तीन घरांची बोलणी त्यांना वाटेतच ऐकू यायला लागतात. घरपोच सामान द्यायला पिशव्या पाठीला लावून जिने चढणारी मुलं पाहा. त्यांच्या फोनवर मिनिटं मोजली जात असतात. त्यांचं अंग हलतं, पण त्या हलण्याचा वेग दुसऱ्यानं ठरवलेला असतो. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली नोकरीतल्या ताणाविषयी जी मांडणी केली, तिचा गाभा हाच होता. कामाचा बोजा मोठा असणं एवढ्यानं माणूस खचत नाही. बोजा मोठा आणि तो कसा उचलायचा हे ठरवायची मोकळीक कमी, अशी जोडी जमली की खचतो. मला ही मांडणी कारखान्याइतकीच रस्त्यालाही लागू पडते असं वाटतं.

लंडनच्या बसांवरचा एक जुना अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली तो ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. दुमजली बसचा ड्रायव्हर दिवसभर बसून असतो, कंडक्टर दिवसभर वरखाली करतो, पाळीत पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढतो. एकाच खात्यातली, साधारण एकाच थरातली माणसं. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला आणि झाला तरी त्यानं चटकन दगावण्याचं प्रमाणही कमी होतं. व्यायामाचा हृदयाशी असलेला संबंध लोकांना पटायला या अभ्यासानं मोठी मदत केली. पण मी तो वाचते तेव्हा ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसते. त्याच्या हातात चाक आहे. साठ माणसांचा जीव त्याच्यावर आहे. रस्ता मात्र त्याच्या हातात नाही. पुढची गाडी कधी थांबेल, कोण मध्ये घुसेल, सिग्नल कधी पडेल, यातलं काही तो ठरवत नाही, आणि उशीर झाला तर जाब त्यालाच. मॉरिस यांच्या अभ्यासात हा ताण आणि ते बसून राहणं वेगळं काढणं कठीणच होतं. प्रत्यक्षात तर ती दोन्ही एकाच खुर्चीवर बसलेली असतात.

माझा भाचा हिंजवडीला जातो. पहिली काही वर्षं तो मोटरसायकलनं जायचा, पुढे त्यानं गाडी घेतली. संध्याकाळी घरी आला की तासभर त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, असा त्यांच्या घरात अलिखित नियम होता. मुलगी धावत दाराशी जायची आणि बाबाचा चेहरा पाहून परत फिरायची. मग ऑफिसनं बस सुरू केली आणि त्यानं ती धरली. वेळ तेवढाच लागतो, उलट थांबे घेत गेल्यामुळे थोडा जास्तच. शिवाय थांब्यापर्यंत दहा मिनिटं चालत जावं लागतं आणि येताना पुन्हा तितकंच. तरी आता घरी येणारा माणूस वेगळा असतो. मी त्याला विचारलं तर म्हणाला, “मावशी, अडकतो अजूनही तिथेच. पण आता मी अडकत नाही गं, बस अडकते.” याहून नेमकं मला सांगता येणार नाही. सुकाणू हातात आणि रस्ता दुसऱ्याच्या हातात, ही सगळ्यांत वाईट जागा. त्यापेक्षा सुकाणूच दुसऱ्याला दिलेलं बरं, आणि मग ती दहा मिनिटांची पायवाट पूर्णपणे आपली.

आवाजाचंही असंच आहे. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७२ च्या आपल्या पुस्तकात शहरी ताणावरचे त्यांचे प्रयोग मांडले. माणसांना एका खोलीत बसवून कर्कश आवाज ऐकवायचा आणि नंतर त्यांना काही कामं द्यायची. न सुटणारी कोडी, मुद्रितशोधन, असं काही. आवाज ठरावीक अंतरानं आला तर माणसं नंतर बऱ्यापैकी काम करायची. तोच आवाज केव्हाही, अवचित आला तर कोडं लवकर सोडून द्यायची आणि शोधनात जास्त चुका राहायच्या. मग त्यांनी एका गटाच्या हाताशी एक बटण दिलं. फारच असह्य झालं तर दाबा, आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका, असं सांगून. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरी आवाज थांबवता येईल हे नुसतं माहीत असल्यानं त्या गटाचं नंतरचं काम सुधारलं.

आपले ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, अशी मर्यादा त्यात आहे. नियम हवेतच आणि ते पाळलेही जायला हवेत. पण ही मर्यादा सरासरीवर मोजली जाते, आणि दचकणं सरासरीत मावत नाही. पहाटे दूधवाल्याच्या गाडीचा, शेजारच्या शाळेच्या घंटेचा आवाज कितीही मोठा असला तरी आपण त्याच्यासकट झोपतो. आपल्या कानामागे अचानक वाजलेला एक हॉर्न मात्र पुढची पंधरा मिनिटं अंगात राहतो. हॉर्नला बटण असतं, पण ते वाजवणाऱ्याच्या हाताशी.

आता आईबद्दल. आई लग्न होऊन सदाशिव पेठेतल्या वाड्यात आली आणि जन्म तिथेच काढला. दुसरा मजला, उभा लाकडी जिना, धरायला वरून सोडलेला दोर. तो दोर इतक्या हातांनी गुळगुळीत झाला होता की पावसाळ्यात निसटायचा. वाड्याचं मी कौतुक करत बसणार नाही. संडास खाली चौकात, पाण्याच्या वेळा, भिंतीपलीकडचा खोकलाही ऐकू यायचा, मालक आणि भाडेकरूंची वर्षानुवर्षं चाललेली धुसफुस. ताण तिथेही होता आणि बायकांच्या वाट्याला जास्त होता. पण आई रोज मंडईला चालत जायची. जाताना तुळशीबागेतून, येताना कधी जोगेश्वरीचं दर्शन घेऊन. कुणाशी किती वेळ बोलायचं, कुठली गल्ली धरायची, पालेभाजी आधी की नारळ आधी, हे तिचं ती ठरवायची. त्या घरात तिच्या मर्जीनं चालणारी दिवसातली ती एवढीच वेळ होती, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

वाडा पाडायला निघाला आणि आई भावाकडे गेली, सिंहगड रस्त्याच्या आतल्या अंगाला, नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर. हवेशीर घर, लिफ्ट, चोवीस तास पाणी, भाजी फोनवरून दारात. वहिनी सगळं मनापासून करते. आणि काही महिन्यांत आईच्या तक्रारी सुरू झाल्या. छातीत धडधडतं. दुपारी जीव घाबरा होतो. झोप लागत नाही. तपासण्या झाल्या, रक्तदाब वाढलेला निघाला, गोळी सुरू झाली. डॉक्टर समंजस होत्या, त्यांनी विचारलं, “आजी, दिवसभर करता काय?” आई म्हणाली, “बसते.”

सोसायटीचं मोठं फाटक ज्या रस्त्यावर उघडत होतं त्याला फुटपाथ नव्हता. डंपर, पाण्याचे टँकर, शाळेच्या बसा. आई एकदा गेली आणि फाटकाशी उभी राहून परत आली. खाली पोडियमवर ज्येष्ठांसाठी गोल ट्रॅक होता. वहिनीनं आग्रहानं नेलं. दोन फेऱ्या झाल्यावर आई म्हणाली, “गोल गोल फिरायला मी काय घाण्याचा बैल आहे का गं?” आणि वर गेली. आम्हाला तेव्हा तो हट्ट वाटला. आज वाटतं, तिला चालायचं नव्हतं असं नाही. तिला कुठेतरी जायचं होतं.

इमारतीच्या मागच्या बाजूला एक छोटं लोखंडी फाटक होतं, सुरक्षिततेच्या कारणानं कायम कुलूप लावलेलं. त्याच्या पलीकडे जुनी गावठाणातली गल्ली होती. बैठी घरं, दत्ताचं देऊळ, एक किराणा दुकान, वळणावर जमिनीवर पोतं टाकून बसणारी एक भाजीवाली. सोसायटीच्या सभेत हे फाटक उघडण्याचा विषय निघाला तो आईमुळे नाही, कामाला येणाऱ्या बायकांना लांबचा वळसा पडतो म्हणून. बराच वाद झाला. शेवटी सकाळी तीन तास आणि संध्याकाळी तीन तास फाटक उघडं ठेवायचं ठरलं. ज्यांनी तो विषय लावून धरला त्यांचे उपकार आमच्या घरावर आहेत.

आई हळूहळू त्या फाटकातून जायला लागली. आधी देवळापर्यंत, मग भाजीवालीपर्यंत. मेथीची जुडी हातात घेऊन उलटीपालटी करून बघायची, देठ मोडून बघायची, दोन रुपयांसाठी घासाघीस करायची आणि मग दोन रुपये जास्तच द्यायची. लिफ्टनं खाली, पण येताना एक मजला जिन्यानं, असं तिनं स्वतःच सुरू केलं. रक्तदाबाची गोळी बंद झाली नाही, वयाप्रमाणे ती चालू राहायचीच. धडधडीची तक्रार मात्र गेली, आणि दुपारचा घाबरेपणाही. औषधात काही बदल झाला नव्हता. फाटकाचं एक कुलूप तेवढं निघालं होतं.

घराच्या आतही असंच असतं, फक्त अंतरं लहान. रॉजर उलरिक यांनी १९८४ साली ‘सायन्स’ नियतकालिकात एक छोटा शोधनिबंध लिहिला. पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या जुन्या नोंदी त्यांनी तपासल्या. काहींच्या खिडकीतून झाडं दिसत होती, काहींच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. दोन्हीकडचे सारखे सारखे २३ रुग्ण घेऊन जोड्या लावल्या. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. आईची खुर्ची टीव्हीसमोर होती. मागच्या गल्लीतला पिंपळ स्वयंपाकघराच्या गॅलरीतून दिसतो हे कळल्यावर तिनं ती खुर्ची स्वतः ओढत तिकडे नेली. ती उलरिकचं नाव कधी ऐकणार नाही.

झाडांची बाजू मी इतकी घेतली, तर एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. रात्री आठनंतर मी प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांतून जात नाही. तीच झाडं, तीच शांतता, पण दुकान नाही, दिवा फांद्यांत अडकलेला, मागे कुणाच्या चपला वाजल्या की पाठ ताठ होते. तेव्हा मला कर्वे रस्ता बरा वाटतो. औषधाचं दुकान उघडं असतं, पाणीपुरीच्या गाडीभोवती माणसं असतात, मेट्रोतून उतरलेल्या बायका चालत असतात. लॉ कॉलेजच्या टेकडीवरही मी एकटी भल्या पहाटे जात नाही, उजाडल्यावर जाते. पुरुषांना ही टेकडी दिवसाचे जितके तास मिळते तितके तास ती बायकांना मिळत नाही. शांत जागा कुणासाठी शांत, हे विचारल्याशिवाय शांततेची शिफारस करू नये. तिथेही पुन्हा ताब्याचाच प्रश्न येतो. ज्या गल्लीत मला माझ्या चालीनं चालता येत नाही, पावलं आपोआप भरभर पडतात, ती गल्ली कितीही हिरवी असली तरी अंग सैल पडत नाही.

टेकडीविषयी मात्र थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण पुण्यात हे औषध शहराच्या मधोमध ठेवलेलं आहे. कांचन गल्लीच्या टोकाशी चढ सुरू होतो. पहिल्या पाच मिनिटांत धाप लागते आणि बोलणं बंद होतं, हे फार चांगलं. वर जाताना गिरिपुष्पाची लावलेली झाडं लागतात, मग गवत आणि खडक. पुढे वेताळ टेकडीकडे गेलं की मोई आणि सालईची मूळची झाडं दिसतात, जुन्या खाणीतलं पाणी दिसतं. पहिल्या पावसानंतर खडकाच्या खाचेतून पांढरी मुसळी फुलते, इतकी नाजूक की बसून पाहावी लागते. वर आल्यावर शहराचा आवाज जात नाही. तो असतोच, पण सगळे हॉर्न एकमेकांत मिसळून त्याची सलग घरघर झालेली असते. त्यातला कुठलाच हॉर्न तुमच्यासाठी वाजलेला नसतो. आणि वाट ओबडधोबड असूनही, म्हणजे नजर कर्वे रस्त्यासारखीच पायाखाली ठेवावी लागत असूनही, थकवा वेगळा असतो. दगड जागचा हलत नाही. तो तुमच्या अंगावर येत नाही. तुम्ही थांबलात तर मागून कुणी ओरडत नाही. कॉलेजातली मुलं, गुडघ्याला पट्टा बांधलेले आजोबा, मोबाइलवर अभंग लावून चालणाऱ्या बायका, प्रत्येकाची चाल वेगळी आणि सगळ्या एकाच वाटेवर मावतात.

सगळ्यांच्या जवळ टेकडी नसते, आणि असली तरी दिवसातला एखादा तास टेकडीवर आणि उरलेला कर्वे रस्त्यावर, असा हिशेब जमत नाही. आपण ताण कमी करण्याला सवडीचं काम करून टाकलं आहे. सकाळी व्यायाम, रविवारी सिंहगड, वर्षातून एकदा कोकण. मधला सगळा वेळ, घर ते बस, बस ते ऑफिस, ऑफिस ते मंडई, तो तसाच सोडून दिला आहे. माझं म्हणणं आहे की मधल्या वेळाकडे आधी बघा. पुणे मेट्रोचा वनाज ते गरवारे हा टप्पा मार्च २०२२ मध्ये सुरू झाला, तेव्हा माझ्या ओळखीच्या कितीतरी लोकांनी दुचाकी घरी ठेवायला सुरुवात केली. मेट्रोमुळे त्यांच्या दिवसात जिने आले, स्टेशनपर्यंतची पायपीट आली आणि आपोआप व्यायाम झाला. पण स्टेशनातून उतरल्यावर पहिलं पाऊल जर उखडलेल्या फरशीवर पडत असेल, तर तिथे वाचलेला ताण इथे परत भरला जातो.

न्यूयॉर्कमधली एक हकीकत मला या संदर्भात फार मोलाची वाटते. मॅनहॅटनमधल्या एका प्राथमिक शाळेच्या अगदी जवळून उंचावरच्या रुळांवरून गाड्या जायच्या, दर चार-पाच मिनिटांनी एक. अर्लिन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी शाळेच्या दोन बाजूंच्या वर्गांतल्या मुलांचं वाचन तपासलं. रुळांकडच्या बाजूला बसणारी सहावीची मुलं पलीकडच्या शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात जवळजवळ वर्षभर मागे होती. हा अभ्यास १९७५ सालचा. त्यानंतर मुलांना एकाग्रतेचे धडे देण्यात आले नाहीत. रुळांखाली रबराचे पट्टे बसवले गेले आणि वर्गांच्या छताला आवाज शोषणारे तक्ते लावले गेले. पुढे ब्रॉन्झाफ्ट यांनी पुन्हा तपासणी केली तेव्हा दोन्ही बाजूंच्या मुलांमधला फरक नाहीसा झाला होता. १९८१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं.

आपल्याकडेही असे रबराचे पट्टे बसवता येतात, हे जंगली महाराज रस्त्यावर दिसतं. तिथले फुटपाथ रुंद केले, बसायला जागा केल्या. संध्याकाळी तिथे जाऊन बघा. दोघं शेजारी शेजारी, बोलत चालतात. हे ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण पुण्यात किती रस्त्यांवर नवराबायको शेजारी चालू शकतात? बहुतेक ठिकाणी एक पुढे आणि एक मागे, आणि मागचं माणूस ‘काय म्हणालात?’ असं ओरडत असतं. ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन करायला २०२१ पासून सुरुवात झाली. मी त्या दिवशी गेले आहे. आयुष्यभर ज्या रस्त्यानं अंग चोरून चालले तिथे मधोमध उभं राहून वरच्या मजल्यांचे लाकडी कठडे पाहिले. इतकी वर्षं ते तिथेच होते. खाली बघायचं थांबल्याशिवाय वर काय आहे ते दिसणार कसं?

टेकडीच्या अंगानं बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत रस्ता काढायचा प्रस्ताव अनेक वर्षं चर्चेत आहे. एप्रिल २०२३ मध्ये त्याविरुद्ध नागरिकांनी मोठा मोर्चा काढला. माझाही त्या रस्त्याला विरोध आहे, पण ज्यांना तो हवा आहे त्यांचं म्हणणं मला कळतं. लॉ कॉलेज रस्त्यावर सायंकाळी अडकलेल्या माणसाची चिडचिड खरी आहे, भाच्याच्या घरात ती मी पाहिली आहे. माझी हरकत हिशेबाच्या पद्धतीला आहे. अशा चर्चेत वाहनांची वाचणारी मिनिटं पुढे केली जातात. त्याच टेकडीवर रोज चढणाऱ्या माणसांचा रक्तदाब, त्यांची झोप, घरी परतल्यावर त्यांनी मुलांशी कुठल्या आवाजात बोलणं, यासाठी त्या हिशेबात रकानाच नसतो. आणि नव्या रस्त्यावरही गाड्या भरल्या, त्या तशा भरतातच, की चिडचिड तिथे तितकीच उरेल आणि ती जिथे जाऊन उतरवायची ती जागा मात्र गेलेली असेल. तो रकाना आधी आखा, टेकडीवर येणाऱ्या बायकामाणसांना, म्हाताऱ्यांना, मुलांना विचारून तो भरा, आणि मग दोन्ही आकडे शेजारी ठेवून रस्त्याची चर्चा करू.